कार्ड आहे, पण डॉक्टर?

२०१० साली अमेरिकेतल्या शिकागो परिसरात लहान मुलांच्या विशेषज्ञांच्या दवाखान्यांत फोन खणखणू लागले. फोनवरची बाई आजारी मुलाची आई म्हणून वेळ मागायची. कधी दमा आटोक्यात येत नाही म्हणायची, कधी मुलाला झटके येतात म्हणायची. खरं तर ती संशोधकांच्या वतीनं बोलत होती. प्रत्येक दवाखान्यात दोन फोन, तक्रार तीच. विमा तेवढा वेगळा: एकदा खासगी, एकदा गरिबांसाठीचा सरकारी, म्हणजे मेडिकेड. खासगी विम्याला शंभरात ११ वेळा नकार मिळाला, सरकारी विम्याला ६६ वेळा! जिथे दोघांनाही वेळ मिळाली, तिथे सरकारी विम्यावरच्या मुलाला सरासरी २२ दिवस जास्त थांबावं लागणार होतं.

असं का व्हावं? पहिलं कारण उघड आहे, पैसा. १९६५ साली सुरू झालेल्या मेडिकेडचे दर त्या त्या राज्याचं सरकार ठरवतं, आणि बहुतेक राज्यांत ते वृद्धांच्या मेडिकेअर विम्यापेक्षा कमी असतात. जागेचं भाडं आणि नर्सचा पगार मात्र कुठलाही रुग्ण आला तरी तेवढाच. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत केंद्र सरकारनं प्राथमिक उपचारांचे दर मेडिकेअरच्या बरोबरीला आणले. तेव्हा १० राज्यांत पुन्हा असेच फोन झाले. नव्या रुग्णाला वेळ मिळण्याचं प्रमाण सुमारे ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं होतं. दर वाढवल्यावर दारं उघडली, पण सगळी नाही.

कारण दुसरी अडचण कागदांची. बिल नामंजूर होऊन परत येतं, पुन्हा पाठवावं लागतं, पैसे रखडतात. मोठं रुग्णालय त्यासाठी वेगळी माणसं ठेवतं. एकट्या डॉक्टरला ते परवडत नाही. तिसरी अडचण पुढच्या उपचारांची. हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं म्हटलं, तर तोही हा विमा घेत नाही. मग असा रुग्ण हाती घ्यायलाच डॉक्टर कचरतो.

आपल्याकडची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रचनेनं वेगळी आहे. तिचा भर रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांवर आहे. पण खासगी रुग्णालयाचं गणित इथेही तेच: पॅकेजचा दर परवडतो का, आणि दाव्याचे पैसे वेळेवर येतात का? विम्याची मर्यादा किती लाखांवर नेली, याची जाहिरात होते. आपल्या जिल्ह्यात किती रुग्णालयं योजनेत आहेत, आणि त्यांचे दावे किती दिवसांत चुकते होतात, हे आपण लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. मत मागायला येतील तेव्हा जरूर विचारा.