मुंग्यांची पेटी आणि मुलांचे प्रश्न

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'बालकांवरील धम्मसंस्कार' या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी मुंग्यांवर बोलणार आहे. हसू नका. विषय तोच आहे, फक्त वाट वेगळी आहे.

आमची नात चौथीत आहे. मागच्या फेब्रुवारीत एक दिवस तिची आजी स्वयंपाकघरात मुंग्या मारायच्या खडूने रेघ ओढत होती. नात माझ्याजवळ आली नि म्हणाली, "आबाजी, आजी रोज पंचशील म्हणते अन् मुंग्याइवर खडू बी फिरवते. हे कसं काय?" आजी गप्प, मीही गप्प. तीस वर्षे झाली, मी या परिसरात भाषणे करतो, पण तिला सांगायला माझ्याजवळ दोन शब्द निघाले नाहीत.

आपण वंदनेत धम्माचे गुण म्हणतो, त्यात 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. शब्द सगळ्यांना पाठ आहे, पाहायला कोणी जात नाही. मी ठरवले, या पोरीला उत्तर देण्याऐवजी मुंग्याच दाखवू.

वाचनात आले होते की दोन काचांच्या मध्ये माती भरून मुंग्या पाळता येतात. इंग्लंडात जॉन लबक नावाच्या गृहस्थाने काचांमध्ये मुंग्या ठेवून, त्यांच्या अंगाला रंगाचे ठिपके लावून निरीक्षणे केली आणि 1882 मध्ये ग्रंथ लिहिला. अमेरिकेत तर 1956 पासून अशा पेट्या मुलांचे खेळणे म्हणून विकायला लागल्या. 1956! आपण त्या वर्षी नागपूरला काय मिळवले ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्या मुलांनी काय मिळवले ते मला आता कळते आहे. तेही काही कमी नाही.

परतवाड्याहून एक फूट लांब, नऊ इंच उंच अशा दोन काचा कापून आणल्या. आरा मशीनवरून सागाच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या आणल्या. तीन बाजूंनी पट्टी, वर मलमलचे कापड. आत आपली काळी माती भरली आणि तिथेच फसलो. काळी माती भिजली की चिखल, वाळली की भेगा. आठ दिवसांत ती काचेपासून सुटली. मग सापन नदीची रेती चाळून निम्मीनिम्म मिसळली, तेव्हा जमले. काचेवर काळा कागद लावायचा, कारण मुंग्यांना घरात अंधार लागतो. पाहायचे असेल तेव्हा लाल पतंगी कागद. लाल रंग त्यांना आपल्यासारखा दिसत नाही, त्यांना अंधारच वाटतो आणि आपल्याला सगळे दिसते. खायला गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, उकडलेल्या अंड्याचा कण, एखादी मेलेली माशी. पाणी बेताने, नाहीतर बुरशी चढते. काठाला खोबरेल तेलाचे बोट फिरवले की बाहेर येत नाहीत, पण ते दोन-चार दिवसांनी पुन्हा लावावे लागते. हे विसरलो त्या दिवशी आमच्या घरी काय झाले ते घरच्यांना विचारा.

निंबाच्या बुडाशी मोठे काळे मुंगळे असतात, त्यातले तीस-चाळीस आणले. दोन रात्रींत त्यांनी बोगदे खोदले. गल्लीतली सगळी पोट्टी आमच्या ओट्यावर.

आता वाईट सांगतो. एप्रिलमध्ये मी पेटी खिडकीत ठेवून एका लग्नाला अमरावतीला गेलो. आपल्या वऱ्हाडातले ऊन, त्यात काच. संध्याकाळी आलो तर एकही हलत नव्हता. नात रडली नाही. तिने विचारले, "आबाजी, आपल्या हातून पयलं शील मोडलं काय?"

बंधूंनो, इथे सोपे उत्तर होते. मारायची इच्छा नव्हती, म्हणून शील मोडले नाही, असे म्हणून सुटता आले असते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ उलगडला आहे. मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी, हा भेद त्यांनी दाखवला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, हे त्यांनी स्पष्ट केले आहे. वर्षावासात आपण ते वाचतो. पण इथे गरजही नव्हती आणि इच्छाही नव्हती. होता तो निष्काळजीपणा. बुद्धाने अप्रमाद सांगितला आहे, तो मी पाळला नव्हता. तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे तुमची चुकी झाली." मी म्हणालो, "हो बाई, माही चुकी झाली." लेकरासमोर चूक कबूल करणे मला मिलच्या गेटसमोर भाषण करण्यापेक्षा जड गेले.

भिक्खूला उपसंपदा देताना चार गोष्टी कधीच करू नयेत म्हणून सांगतात. त्यात जाणूनबुजून जीव घेऊ नये हे सांगताना मुंगीचासुद्धा उल्लेख येतो. विनयाच्या महावग्गात ते आहे. पालीत मुंगीला किपिल्लिका म्हणतात. वर्षावासही त्यासाठीच आहे, की पावसाळ्यात हिंडताना कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत. हे मी नातीला वाचून दाखवले. त्यानंतर तिच्या आजीने खडू फेकला. आता साखरेचा डबा पाण्याच्या परातीत असतो.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. दिव्याखाली पंखवाले किडे जमले. त्यात बहुतेक वाळवीचे असतात. वाळवी म्हणजे मुंगी नव्हे, ती झुरळाच्या कुळातली. मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशी कोपरासारखी वाकलेली असते. आपण मुंग्यांचे वारूळ म्हणतो, पण ती मोठी वारुळे बांधते वाळवी, आणि राहतो नागोबा. कामगारांना हे वेगळे सांगायची गरज नाही.

त्याच रात्री ओट्यावर एक मोठी मुंगळी सापडली. पंख गळालेले. ही राणी. आकाशात एकदा मीलन झाले की ती खाली येऊन स्वतःच पंख टाकते. नर थोड्याच दिवसांत मरतात, म्हणजे राजा नावाचा प्रकारच नाही. दवाखान्यातून एक काचेची नळी मागून आणली, तळाशी पाणी, मग कापूस, मग राणी, मग पुन्हा कापूस. कपाटात अंधारात ठेवली. जवळजवळ दीड महिना तिने काही खाल्ले नाही. उडण्याचे स्नायू आता कामाचे नसतात, तेच विरघळवून ती आपल्या पिलांना पोसते. अंडी झाली, अळ्या झाल्या, कोष झाले आणि पहिल्या पाच बारीक मुंग्या निघाल्या. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटायचेच बाकी होते.

ऑगस्टमध्ये शेजारचा सातवीतला मुलगा आला. मान खाली घालून उभा राहिला. त्याला बाहेर एका मोठ्या माणसाने सांगितले होते की मुंग्यांमध्ये राणी, कामकरी, शिपाई अशा जाती जन्मतःच असतात, निसर्गानेच केलेल्या आहेत. मग माणसांत असल्या तर काय बिघडले? आणि एका पुस्तकात 'जात' हाच शब्द छापलेला होता, ते पुस्तक घेऊनच तो आला होता. म्हणाला, "आजोबा, मुंग्याइमधी बी जात असते काय?"

मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. वाचनालयात दोन आठवडे बसलो. जे कळले ते सांगतो.

पहिले म्हणजे शब्द. इंग्रजी शास्त्रज्ञ मुंग्यांच्या राणी-कामकरी या प्रकारांना 'कास्ट' म्हणतात. हा शब्द मूळचा पोर्तुगीज, 'कास्टा', म्हणजे कूळ, वंश. पोर्तुगीज लोकांनी आपल्या इकडची जात पाहिली, तिला हे नाव दिले. पुढे विद्वानांनी तेच नाव उचलून मुंग्यांना चिकटवले. म्हणजे मुंग्यांपासून माणसाने जात घेतली नाही, आपली जात मुंग्यांवर लादली गेली! आणि मराठीत पुन्हा 'आंब्याची जात' म्हणतो तसे 'मुंग्यांच्या जाती' म्हणतो, तो आणखी एक घोळ. भारतात मुंग्यांचे 800 हून जास्त प्रकार आहेत, त्या अर्थाने 'जाती' म्हणा, हरकत नाही.

दुसरे म्हणजे जन्म. बहुतेक मुंग्यांमध्ये मादीच्या अंड्यातून राणी होणार की कामकरी, हे मुख्यतः अळीला किती आणि कसे खायला मिळाले यावर ठरते. एकाच आईची अंडी. कुळाचा प्रश्न नाही, पोषणाचा प्रश्न आहे. कुपोषण ज्या मेळघाटाच्या पायथ्याशी आपण राहतो तिथे हे वाक्य मी दोनदा वाचले.

तिसरे म्हणजे काम. हे मात्र पुस्तकात नाही, पेटीत पाहा म्हणालो. नवी मुंगी कोषातून निघते तेव्हा फिकट पिवळसर असते, मग काळी होत जाते. मुलांनी वही केली. आमच्या नातीने झाडूच्या काडीने दोन फिकट मुंग्यांना पांढरा ठिपका लावला. काही दिवस त्या अळ्यांपाशीच होत्या, चाटत होत्या, हलवत होत्या. पुढे त्यातली एक गुळाच्या बोळ्यापर्यंत आली. शास्त्रज्ञही हेच सांगतात. तरुण मुंग्या घरात पिले सांभाळतात, वय वाढले की बाहेरचे, धोक्याचे काम करतात. म्हणजे काम जन्माने बांधलेले नाही, वयाप्रमाणे बदलते. आणि राणी? ती कोणाला हुकूम देत नाही, अंडी घालते. सातवीतल्या मुलाने विचारले, "मंग याइचा मुकादम कोन?" कोणीच नाही!

इथे एक आठवण. मुलांनी वहीत लिहिले होते की काही मुंग्या दिवसभर नुसत्या बसून असतात, आळशी आहेत. मी मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागलो होतो. गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत घरी. आम्हालाही लोक रिकामटेकडे म्हणत. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात एका प्रकारच्या मुंग्यांचे निरीक्षण झाले, त्यात जवळपास 40 टक्के मुंग्या बसलेल्या आढळल्या. 2017 मध्ये त्यांनी छापले की कामाच्या मुंग्या काढून घेतल्या तर या बसलेल्याच आठवडाभरात त्यांची जागा घेतात. बदली कामगार! वहीतला 'आळशी' शब्द मी खोडायला लावला.

चौथी गोष्ट मुलाला मुद्दाम सांगितली. समजा, मुंग्यांत खरोखरच जन्माने जात असती, तरी काय? काही मुंग्या दुसऱ्यांच्या वारुळावर धाड घालून त्यांचे कोष पळवतात आणि त्यातून निघालेल्यांकडून राबवून घेतात. हे 1810 मध्येच स्वित्झर्लंडच्या प्येर ह्यूबरने लिहून ठेवले आहे. म्हणून माणसाने गुलाम ठेवावेत काय? जे लोक 'मुंगीपासून शिका, मुंगी कशी मुकाट कष्ट करते' असे उपदेश करतात तेही मला आवडत नाहीत. मुंगी आपली गुरू नव्हे. ती पाहण्याची गोष्ट आहे.

आता एका माणसाचे नाव सांगतो, लेकरांनी लक्षात ठेवावे. चार्ल्स हेन्री टर्नर. अमेरिकेतला कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. जन्म 1867 चा, म्हणजे तिथली गुलामगिरी कायद्याने संपून दोनच वर्षे झाली होती. वडील चर्चमध्ये देखरेखीचे काम करत. या माणसाने 1907 मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, विषय होता मुंगी घरी परत कशी येते. मुंग्या फक्त वासावर चालतात असे म्हणत. त्याने पुठ्ठ्याचे मचाण केले, दिव्याची बाजू बदलली आणि दाखवले की मुंगी उजेडाची दिशाही ध्यानात घेते. घराजवळ येताना मुंगी जो फेरा घेते त्याला पुढे टर्नरचेच नाव मिळाले. सत्तरच्या वर संशोधन लेख लिहिले. पण विद्यापीठात जागा मिळाली नाही. 1908 पासून सेंट लुईस येथील समनर हायस्कूलमध्ये, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत, तो शिकवत राहिला आणि सुट्टीत मुंग्या-मधमाश्या पाहत राहिला. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच देशात हा माणूस शाळेत फळ्यापुढे उभा होता.

सातवीतल्या मुलाने टर्नरचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे. तो त्या मोठ्या माणसाकडे वही घेऊन गेला होता. त्याने वही उघडूनही पाहिली नाही, असे मुलगा म्हणाला. मी विचारले, मग तू काय केले? म्हणाला, "मी म्हतलं, तुमीच या पाहाले, पेटी आबाजीच्या ओट्यावर हाय." अजून ते आलेले नाहीत.

पालकांना विनंती, पेटी करायची असेल तर मुंग्या थोड्याच आणा, सावलीत ठेवा. राणी नसेल तर महिन्याभरात जिथून आणल्या तिथेच सोडा. लाल चावऱ्या मुंग्या घेऊ नका. राणीची पेटी असेल तर धीर पाहिजे. परदेशात एक राणी माणसाच्या सांभाळात 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. म्हणजे आमची नात लग्नाची होईल तरी ही बाई घरात असू शकते. घरच्यांनी अजून परवानगी दिलेली नाही.

आज पेटी आणली आहे. बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवली आहे, मागच्या आठवड्यात मोजल्या तेव्हा तेवीस मुंग्या होत्या. भोजनदानानंतर पाच-पाच जणांनी यावे, लाल कागद नात उचलून दाखवेल. काचेवर टकटक करू नका, त्यांना हादरा बसतो. एवढे बोलून माझे भाषण संपवतो. जयभीम, नमो बुद्धाय!