यंत्राची भाषा आणि कामगाराचे म्हणणे



संघटनेचा माणूस उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर लवाद यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आज मात्र आम्ही डिझाइनच्या विद्यालयांत शिकवला जाणारा विषय घेतला आहे. त्याला ‘इंटरॅक्शन डिझाइन’ म्हणतात. माणूस यंत्राला काय सांगतो, यंत्र माणसाला काय सांगते, आणि दोघांचे एकमेकांना कळते की नाही, याचा विचार करणारी ही विद्या. आमचे शिक्षण नगरवाचनालयात, पाळी संपल्यावर झालेले; पंडिती भाषा आमच्यापाशी नाही. पण यंत्रासमोर आठ तास उभा राहतो तो कामगार. तेव्हा या विद्येत त्याचेही काही म्हणणे असले पाहिजे.

हे नाव १९८० नंतरच्या दशकातले. प्रश्न त्याहून जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरत आणि जमिनीवर आल्यावर वैमानिक पंखांच्या झडपांऐवजी चाके आत ओढून घेत. विमान पोटावर आपटे. वैमानिक बेसावध, असा शेरा पडे. आल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे! त्याने एकाच्या टोकाला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसऱ्याच्या टोकाला पाचरीच्या आकाराची. अंधारातही हाताला फरक कळू लागला. वैमानिक तेच राहिले. बदलली ती मूठ.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हानियात, थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात एक झडप उघडीच अडकून राहिली. नियंत्रणफलकावरचा दिवा मात्र विझला होता. दिवा विझला म्हणजे झडप मिटली, असे कामावरच्या माणसांनी धरले. वास्तविक तो दिवा एवढेच सांगत होता, की झडपेला मिटण्याचा हुकूम गेला आहे. हुकूम पाळला गेला की नाही, हे सांगण्याची सोयच त्यात नव्हती. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

हुकूम देणे आणि काम होणे यांत अंतर असते, हे कोणताही मुकादम सांगेल. फलक आखणाऱ्याला ते सुचले नाही. आम्ही कामगारांच्या वतीने अनेक खातेनिहाय चौकश्यांना बसलो आहोत. आरोपपत्रात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द ठरलेला असतो. यंत्राने त्या वेळी कामगाराला काय दाखवले, ही नोंद आम्हांला क्वचितच आढळली. या विद्येचे पहिले तत्त्व आम्ही असे मांडतो: चूक हातून घडली म्हणजे ती हाताचीच, असे नव्हे.

दुसरे तत्त्व हत्याराविषयीचे आहे. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने १९२७ साली हातोड्याचे उदाहरण घेऊन ते सांगितले. ठोकणाऱ्याचे लक्ष कामावर असते. हातोडा जणू हाताचाच भाग होतो. दांडा सैल झाला की मग हातोडा डोळ्यांत भरतो आणि काम थांबते. सुताराच्या रंध्याचेही तसेच. चांगले हत्यार आपल्याकडे लक्ष ओढून घेत नाही. ही जाण हातात असते, ती शब्दांत सांगता येतेच असे नाही.

मग आखणाऱ्याने ती मिळवावी कशी? याचे उत्तर उत्तर युरोपात, आणि तेही कामगार संघटनांच्या पुढाकाराने शोधले गेले. नॉर्वेत क्रिस्टन नायगॉर्ड या संगणकशास्त्रज्ञाने १९७०नंतरच्या वर्षांत लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले, आणि १९७५ साली संगणक आणण्याविषयी तेथे कामगार व मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत करार झाला. पुढे १९८१ ते १९८५ या काळात ‘यूटोपिया’ प्रकल्पात स्वीडन व डेन्मार्कचे संशोधक छापखान्यातील कामगारांसह बसले. प्रश्न होता वृत्तपत्राची पाने संगणकावर लावण्याचा. तसा पडदा तेव्हा हाताशी नव्हता. मग त्यांनी लाकडी फळ्या, कागद आणि पुठ्ठे यांचे खोटे यंत्र उभे केले. एका रिकाम्या खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ असे लिहून ठेवले! पान लावणारा त्या खोट्या यंत्रावर आपले काम करून दाखवी, आणि कोठे अडते ते दोघांनाही दिसे. पुठ्ठा कापायला अभियंत्याची पदवी लागत नाही. म्हणून तेथे कामगाराचे म्हणणे बरोबरीचे ठरले.

कोणी म्हणेल, कामगाराला विचारले तर तो जुनेच मागेल. नुसते तोंडी विचारले तर मागेलही. न पाहिलेल्या वस्तूविषयी कोण काय सांगणार? त्याच्या हाती नमुना द्या, मग पाहा. आखणाऱ्याचे ज्ञान आम्ही कमी लेखत नाही. ते अपुरे आहे, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या कायद्यात काय आहे? १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात यंत्र वा तंत्र सुधारण्याआधी नोटीस द्यावी असे होते, पण त्या सुधारणेने कामगारकपात होण्याचा संभव असेल तरच. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद तशीच उतरली. नोकरी राहिली, पण कामच कोंडून टाकणारा पडदा समोर आला, तर त्याबद्दल नोटीस नाही. घरपोच माल देणाऱ्या तरुणाला मोबाइलवर काम स्वीकारायला मोजके सेकंद मिळतात, तेही रस्त्यावर गाडी चालवताना. तो आकडा कोणी ठरवला? त्याला कोणी विचारले?

म्हणून आमची मागणी साधी आहे. वेतनकरारात एक कलम घाला: नवे यंत्र वा नवा पडदा विकत घेण्यापूर्वी त्याचा नमुना चालवणाऱ्यांच्या हाती द्यावा, त्यांचे म्हणणे लेखी नोंदवावे, आणि अपघाताच्या चौकशीत यंत्राने काय दाखवले हेही तपासावे. या सभेत डिझाइन शिकणारी मुलेमुली असतील, त्यांना आमची विनंती आहे, की नकाशा पुरा करण्याआधी एक पाळी कारखान्यात उभे राहा. आणि कारखानदार असतील त्यांना एवढेच सांगतो, की पुठ्ठा स्वस्त आहे.