तेवीस नंबरची खुर्ची



अध्यक्षपदाचा हा मान तुम्ही नाटकं पाहून त्यावर लिहिणाऱ्या माणसाला दिलात. त्यामुळे आज मी अशाच एका माणसाबद्दल बोलणार आहे.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. ‘सुदाम्याचे पोहे’ म्हटलं की ते आठवतात, ‘बहु असोत सुंदर’ म्हटलं की आठवतात. पण साहित्यात त्यांनी पाऊल टाकलं ते नाट्यसमीक्षक म्हणून. १८९३ साली, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी ‘विक्रम-शशिकला’ या नाटकावर ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात सविस्तर परीक्षण लिहिलं. त्याच वर्षी, १ जूनला, इथे ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. ते उभारण्यात पुढाकार घेणारे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हेही कोल्हटकरांसारखे १८७१ सालीच जन्मलेले. एक जण पुस्तकं सांभाळायला निघाला, दुसरा नाटकाचं मोजमाप करायला. माझ्या लेखी ही कामं दोन नाहीत, एकच आहे.

कारण पडदा पडला की प्रयोग संपतो. ‘विक्रम-शशिकला’चा प्रयोग पाहिलेलं आज कोण आहे? कुणीच नाही. पण एक तरुण त्या नाटकाशी इतकं गंभीरपणे भांडला, हे अजून वाचता येतं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून पन्नास वर्षांत आपल्याकडे नाटकं भरपूर झाली. पण नाटक पाहून विचारपूर्वक लिहावं, कच्चे दुवे दाखवावेत, ही सवय मात्र सावकाश लागली.

पुढे कोल्हटकर स्वतःच नाटककार झाले. १८९६ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने त्यांचं ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणलं. पारशी रंगभूमीच्या चालींवर बांधलेल्या त्यातल्या पदांनी प्रेक्षकांचा कान बदलला. दुसऱ्याच्या नाटकाला कसोटी लावणाऱ्याने आपलं नाटक त्याच कसोटीखाली ठेवावं, याला मोठं धैर्य लागतं. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं रंगायतन आज इथे मासुंदा तलावाच्या काठी उभं आहे.

कोल्हटकरांच्या थोडं आधी, तिकडे बर्लिनमध्ये, असेच समीक्षक आणि लेखक असलेले थेओडोर फोंटाने नावाचे गृहस्थ राजेशाही नाट्यगृहात तेवीस नंबरच्या खुर्चीत बसत. मूळचे औषधविक्रेते. १८७० पासून जवळजवळ वीस वर्षं त्यांनी ‘फोसिशे त्साइटुंग’ या वृत्तपत्रात परीक्षणं लिहिली. त्याच काळात, साठी जवळ आली असताना, त्यांची पहिली कादंबरी आली. आणि १८८९ साली गेऱ्हार्ट हाउप्टमान या तरुणाच्या नाटकावरून नाट्यगृहात गोंधळ माजला, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या म्हाताऱ्याने त्याची बाजू घेतली. नव्याला ओळखायला वय आड येत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मला ठरलेली खुर्ची कधी मिळाली नाही. गडकरीतला रात्रीचा प्रयोग सुटला की तलावपाळीवरून स्टेशन गाठायचं आणि डोंबिवलीची स्लो लोकल पकडायची. तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने टिपणं करायची. मुंब्र्याच्या खाडीवरचा वारा खिडकीतून आला की कागद मुठीत धरावा लागे. ‘दुसऱ्या अंकात आई पाठमोरी उभी राहते तेव्हा थांबणं योग्य’ असं कधी तरी लिहिलेलं अजून वाचता येतं. त्या नटीचं ते पाठमोरं उभं राहणं आता फक्त त्या तिकिटावर उरलं आहे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी तिकिटं असतील, स्थानिक साप्ताहिकांतली कात्रणं असतील, एकांकिका स्पर्धांच्या जाहिराती असतील. रद्दीवाला दारात येतो तेव्हा तीच आधी जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे, ती आपल्या ग्रंथालयांकडे न्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासून उभं आहे.

मी माझी तिकिटं आज पिशवीत घालून आणली आहेत. जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर मांडून ठेवतो. ज्यांनी ते प्रयोग पाहिले असतील त्यांनी जवळ बसावं, माझं कुठे चुकलं असेल तर पेन्सिलीने शेजारी लिहावं.