सर्व धर्मांची एक पंगत



आपल्या मंडळाच्या या वार्षिक संमेलनात ‘सर्व धर्मांतील समान तत्त्व’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. विषय थोर आणि आमचा अधिकार अल्प. तरी वडिलांची आज्ञा शिरोधार्य मानून उभे आहोत.

सर्व धर्म एकच गोष्ट सांगतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते पूर्णांशाने खरे नाही. कोणी ईश्वर एकच मानतो, कोणी त्यास अनेक रूपांत पाहतो. जैन व बौद्ध तर जगाचा कर्ताच मानीत नाहीत. हे भेद झाकून ऐक्य साधत नाही. परंतु दारी भुकेलेला उभा राहिला, की या सर्वांचे उत्तर एक होते.

वसतीला आलेल्या कोणासही परत धाडू नये आणि त्यासाठी पुष्कळ अन्न जोडावे, असे व्रत तैत्तिरीय उपनिषदाने सांगितले. जैनांच्या चार दानांत आहारदान आहे. बौद्धांच्या दहा पारमितांत दान पहिले. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी जकात हा एक. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा त्यात सामान्यतः द्यावा लागतो. भुकेल्यास दिलेला घास मलाच पोचला, या आशयाचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. नांदेडच्या गुरुद्वारात लंगरला बसणाऱ्यास कोणी जात विचारीत नाही.

दूर कशाला जावे? आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच पाहा. शेगावी १८७८ साली श्रीगजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, असे भक्तपरंपरा सांगते. त्याच शेगावी आज महाप्रसादाच्या पंगती उठतात. होळीच्या सुमारास सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे लोटणाऱ्या यात्रेत हिंदू कोण नि मुसलमान कोण, हे ओळखणे कठीण होते.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या वडिलांनी मुष्टिफंडाचे धान्य गोळा करून हे वसतिगृह उभारले. का? शहरात शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांस कोणी पानावर बसू देत नव्हते म्हणून. आणि गेल्या पावसाळ्यात एक परजातीचा विद्यार्थी दोन वेळच्या जेवणापुरता अर्ज घेऊन आला, तेव्हा आपण अर्जातील जातीचा रकाना पाहून त्यास वाटेला लावले. त्या बैठकीस आम्हीही होतो आणि आम्हीही मौन राखले. ज्या अपमानातून हे वसतिगृह जन्मले, तोच आपण दुसऱ्याच्या मुलास दिला.

खोल्या देताना समाजाच्या मुलांस अग्रक्रम असावा. देणगीदारांचा तो हेतू होता. पण भोजनगृहाच्या अर्जातून जातीचा रकाना काढून टाकावा, अशी आमची सूचना आहे. खर्च थोडा वाढेल. त्यासाठी प्रत्येक घराने पुन्हा मूठभर धान्य बाजूस काढावे. प्रारंभ आम्ही आमच्या घरापासून करतो.

धर्मांचे ऐक्य व्यासपीठावर सिद्ध होत नाही, ते पानावर सिद्ध होते. सभेने या सूचनेचा विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.