मशीन आले, पण जॉब धरायचा कशात?



आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. सीएनसी मिलिंग मशीनवर आम्ही काय बोलणार, असे आपणास वाटेल. परंतु कर्जाच्या फायली हाताळताना जे दिसले आणि परभणीत आयटीआय करून वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत लागलेल्या आपल्याच मुलांकडून जे समजून घेतले, तेच येथे मांडतो.

एका होतकरू तरुणाची फाईल आठवते. तीत मशीनचे कोटेशन होते, वीजजोडणीचा खर्च होता. व्हाइस आणि क्लँपसाठी मात्र एक रुपयाही नव्हता. मशीन आले, हप्ता सुरू झाला. हाती पैसा न उरल्याने त्याने ड्रिलिंग मशीनचा जुना व्हाइस बसविला. जॉब उचलला जाई, माप चुके, माल परत येई. दोष मशीनचा नव्हता, मुलाच्या हुशारीचाही नव्हता. जॉब धरणारी पकड कच्ची होती. ती ओळ फायलीत नाही, हे आमच्याही ध्यानात आले नाही. ही चूक आम्ही आमच्या पदरी घेतो.

व्हाइसला दोन जबडे असतात. एक स्थिर, एक सरकता. साध्या व्हाइसमध्ये आवळताना सरकता जबडा किंचित वर उठतो आणि जॉबही खालच्या पॅरललवरून सुटतो. मिलिंगसाठी बनविलेल्या चांगल्या व्हाइसमध्ये तोच जबडा पुढे सरकताना खालीही दाबला जातो. म्हणून पहिली खरेदी त्याची करावी. लहान-मध्यम मशीनवर 150 मि.मी. (6 इंची) जबडा बऱ्याच कामांना पुरतो. मात्र जबडा किती उघडतो, टेबलावर बसतो का आणि त्याच्या उंचीमुळे टूलला जागा उरते का, हे आधी मोजावे.

व्हाइस बसविल्यावर स्थिर जबड्यावरून डायल इंडिकेटर फिरवावा. काट्याचा फरक 0.02 मि.मी.च्या आत असावा. कटरचा मुख्य जोर शक्यतो स्थिर जबड्याकडे यावा. हँडलला पाइप लावून आवळू नये. पातळ जॉब दाबाने वाकतो, वाकलेलाच सपाट कापला जातो आणि सोडल्यावर पुन्हा वेडावाकडा होतो.

गोल जॉबला सपाट जबडे दोनच रेषांवर धरतात. त्यासाठी व्ही-ब्लॉक वापरावा किंवा ॲल्युमिनियमचे मऊ जबडे जॉबच्या आकारात कोरून घ्यावेत. मोठी प्लेट सरळ टेबलावर क्लँपने धरावी. बोल्ट जॉबच्या जवळ आणि क्लँपखालचा टेकू जॉबपेक्षा किंचित उंच ठेवावा. एकच जॉब मोठ्या संख्येने पुन्हा पुन्हा करायचा असेल, तर फिक्स्चरचा खर्च परवडतो. दहा-वीस नगांसाठी व्हाइसच बरा.

विद्यार्थी मित्रहो, छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांत हे हाताने शिकता येते. ते शिका. आणि कर्जासाठी प्रकल्प अहवाल कराल, तेव्हा व्हाइस, क्लँप संच, पॅरलल व डायल यांचे कोटेशन मशीनच्या कोटेशनसोबतच जोडा. टेबलापलीकडचा कारकून विसरला, तर त्याला आठवण करून द्या. हप्ता दर महिन्याला येतोच. जॉब मात्र घट्ट धरला, तरच पैसा येतो.