आश्विनातली एका दिवसाची डोंगरवाट



वैशाखातल्या या तापलेल्या संध्याकाळी, गोदेच्या काठी, मी आपल्यापुढे आश्विनाविषयी बोलणार आहे. लग्नसराईत दिवाळीच्या फराळाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आश्विन उजाडल्यावर ठरवायला वेळ उरत नाही. नवरात्र, दसरा, मुलांची सहामाही परीक्षा आणि घराची झाडलोट यांत चार रविवार जातात, आणि त्यांच्याबरोबर ऋतूही जातो.

आपण नाशिककर डोंगरांच्या कुशीत राहतो आणि डोंगरावर मात बहुधा नको त्या महिन्यात जातो. श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी ही श्रद्धेची गोष्ट. तिच्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण केवळ डोंगर पाहावा म्हणून जो श्रावणात जातो, त्याला ढग दिसतात आणि पुढच्या माणसाची छत्री दिसते. खरा डोंगर दिसतो तो भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंत. पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते, ओढे वाहते असतात आणि कातळ बराचसा वाळलेला असतो.

मग या दोन महिन्यांत कुठे जावे? या बाबतीत उत्तर जपानातल्या लोकांची रीत मला फार आवडते. होक्काइदो बेटावर दाइसेत्सुझान नावाचा पर्वतसमूह आहे. तिथे सप्टेंबरच्या मध्यालाच झाडाझुडपांची पाने तांबडी-पिवळी होऊ लागतात. पुढे तो रंग दिवसागणिक शिखरांवरून खाली आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो. होन्शूच्या उत्तर टोकाशी ओइरासे नावाचा झाडीतून वाहणारा ओढा आहे. त्याच्या काठी रंग पोचायला ऑक्टोबरची अखेर येते. रंग कुठवर उतरला याच्या बातम्या तिकडे पाऊसपाण्याच्या बातम्यांसारख्या देतात, आणि हाती जो रविवार असेल त्या दिवशी तो कुठे सापडेल हे पाहून लोक वाट निवडतात.

आपल्याकडे मेपल नाही. तथापि शरद आपल्याकडेही वरूनच खाली उतरतो, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर कातळावर कित्येक ठिकाणी वीतभरही माती नसते. पाऊस ओसरला की तिथला ओलावा आधी आटतो, फुले आधी संपतात, गवत आधी पिवळे पडते. त्यानंतर उतारावरची शेते पिकतात. दऱ्यांतले ओढे मात्र त्यापुढेही वाहत राहतात. हा क्रम ध्यानात ठेवला की निवड निम्मी झालीच.

म्हणून भाद्रपदात अंजनेरी. त्र्यंबकच्या रस्त्यावरचा हा डोंगर सुमारे 4,200 फूट उंच आहे. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून आपण तिथे जातोच. परंतु त्याच पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, जिला शास्त्रज्ञांनी 2006 साली याच डोंगराचे नाव दिले: सेरोपेजिया अंजनेरिका. ही वनस्पती जगात अगदी थोड्या डोंगरमाथ्यांवर उगवते. फिकट पिवळी, बारीक फुले. वाकून पाहिल्याखेरीज दिसत नाहीत आणि न पाहता चालले तर पायाखाली जातात. तेरडा आणि सोनकी पुष्कळ आहे, तिच्यात बसून छायाचित्र काढले तर काय बिघडले, असे म्हणणाऱ्याला त्याच गवतात हे कंदीलपुष्प असू शकते हे माहीत नसते. तिथे मळलेली वाट सोडू नये. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, अट म्हणून सांगतो. ती मान्य नसेल त्याने दुसरा डोंगर पाहावा.

आश्विनात थोडे खाली यावे. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला उतारांवर खुरासणी फुलते, आणि सोन्याची उपमा इतकी झिजलेली नसती तर मी इथे ती वापरली असती. खाली भात पिवळे होत असते, वर नागली असते. या दिवसांत माथा गाठण्याचा आग्रह नको. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्याला जाणारी वाट धरावी, बांधावरून चालावे, उभ्या पिकात पाय घालू नये. पाणी मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. पण भाकरी खाल्ली तर तिचे पैसे द्यावेत.

कार्तिकात आकाश निवळले की लांबचे पाहायला उंच किल्ले. चांदवडकडचा धोडप घ्या. त्याच्या माथ्यावरची कातळभिंत आणि तिच्यातली खाच खालून मोटारीतूनही ओळखू येते. बागलाणातला साल्हेर 5,141 फुटांचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. 1672 ची लढाई त्याच्या पायथ्याशी झाली आणि 2025 साली जागतिक वारसा म्हणून मान्य झालेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. परंतु नाशिकहून तो शंभर किलोमीटरांहून दूर. मुलाबाळांसह एका दिवसात उरकण्याचा हा डोंगर नव्हे. सटाण्याला मुक्काम करावा.

हरिहरविषयी मला हटकून विचारतात. त्याचा कातळात खोदलेला उभा जिना आता चित्रफितींमुळे देशभर ठाऊक झाला आहे. तो जिना एकेका माणसापुरता आहे. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले की दोघांनाही हात धरायला त्याच खोबणी. सुटीच्या दिवशी तिथे रांग लागते, आणि ज्याचे पाय लटपटू लागतात त्याला मागेही फिरता येत नाही. दिवाळीनंतर, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी लवकर जाता येत असेल तर जावे. एरवी समोरच्या सोंडेवरून पाहावा. तिथून तो अधिक देखणा दिसतो, असे माझे मत आहे.

आता वेळेचे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यास सहाच्या आतच. म्हातारी माणसे बरोबर असतील तर आशेवाडीजवळचा रामशेज पुरे. मोगलांनी 1682 पासून कित्येक वर्षे वेढा घातलेला हा किल्ला आपण दुपारच्या जेवणाआधी पाहून घरी येऊ शकतो. हस्त नक्षत्राचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. तेव्हा ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत तरी दोनच्या आत पठार सोडावे, माथा गाठलेला असो वा नसो. कड्यांना आग्या मोहोळ असते, तिथे विडी पेटवू नये आणि अत्तर लावून जाऊ नये. गवत छातीभर वाढलेले असते, त्यात वाट दिसत नाही. पायथ्याच्या गावातला एखादा गडी बरोबर घ्यावा आणि मजुरी आधी ठरवावी. आणि एस.टी.ने गेलात तर चढण्यापूर्वीच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारून घ्या, कारण गावात तीन जण तीन वेळा सांगतात.