नवे मूत्रपिंड आणि यकृताचा जुना वैरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वडाळा येथे केलेले भाषण)



आम्ही काही वैद्य नाही. आमचा उभा जन्म शाळेत खडू झिजविण्यात गेला. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण मूत्रपिंडाच्या विकाराने गांजलेली माणसे आता आपल्या ज्ञातीतही आढळतात, आणि अशा घरी ‘ब’ काविळीची गोष्ट झाकून ठेवण्याची चाल प्राणावर बेतणारी आहे.

आपल्या वडाळ्याशेजारीच परळ. तेथील के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली भारतातील मूत्रपिंडारोपणाचा आरंभीचा प्रयत्न झाला. तो रोगी वाचला नाही. पुढे १९७१ साली वेल्लोरला यश आले. योगायोग असा की, त्याच १९६५ साली ब्लुम्बर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने रक्तातील एका अनोळखी द्रव्याचा शोध प्रसिद्ध केला. ते द्रव्य ‘ब’ काविळीच्या विषाणूचे आवरण होय, हे मागाहून सिद्ध झाले. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या दोन गोष्टींचा संबंध काय? दुसऱ्याच्या देहातून आलेल्या मूत्रपिंडास शरीर शत्रू मानते. ते टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती मंद करणारी औषधे नित्य घ्यावी लागतात. परंतु पहारेकरी निजला, म्हणजे घरात दडलेला चोरही मोकळा होतो. वर्षानुवर्षे निपचित राहिलेला ‘ब’ विषाणू अशा वेळी उसळतो आणि यकृत निकामी करून रोग्याचा जीवही घेऊ शकतो. ‘क’ विषाणूही रक्तावाटेच येतो. दूषित पाण्यातून येणारी ‘ई’ कावीळ इतरांस बहुधा आपोआप सोडते. मूत्रपिंड बसविलेल्या माणसाच्या ठायी मात्र ती ठाण मांडून बसू शकते. डोळे पिवळे होण्याची वाट पाहणे म्हणूनच धोक्याचे. रक्ततपासणी वेळच्या वेळी झाली पाहिजे.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. ‘ब’ विषाणूस दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत; त्या डॉक्टरांस न विचारता कदापि बंद करू नयेत. ‘क’ कावीळ तर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांची समूळ बरी होते. ‘ब’ची लस मूत्रपिंड दुबळे झाल्यावर नीट लागू पडत नाही, म्हणून ती विकाराच्या आरंभीच टोचून घ्यावी. २०१८ सालापासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत मिळण्याची सोय आहे. गळ्यात माळ घालून कावीळ उतरविणे किंवा झाडपाल्याचा काढा पिणे, ह्यांत मोलाचा वेळ जातो. शिवाय असा काढा नव्या मूत्रपिंडासही अपाय करू शकतो.

मग लपवालपवी कशासाठी? ‘मुलीचे लग्न अडेल’ ह्या भयाने! वस्तुतः ‘ब’ कावीळ एका पंक्तीस जेवल्याने किंवा हातात हात दिल्याने लागत नाही. ती रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकास लागते. पतिपत्नींस लस आहे, नवजात बालकासही आहे. तेव्हा आपल्या वधूवर समितीने ह्या रोगास कलंक मानू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. कलंकाचे भय गेले, म्हणजे भावासाठी मूत्रपिंड देऊ पाहणारी बहीण आणि ते घेणारा भाऊ, दोघेही डॉक्टरांपुढे मन मोकळे करतील.